आबांच्या फाइली परत करताना

आबा गेले ११ फेब्रुवारी २०२५ ला, मंगळवारी पहाटे, घरीच, झोपेत. वय ८४. सोलापूरच्या कोर्टात ५८ वर्षं वकिली केली आणि आदल्या दिवशी सोमवारीसुद्धा कोर्टात जाऊन एका केसमध्ये तारीख घेऊन आले होते. मी त्यांची नात, पुण्यात नोकरी करते, कायद्याशी माझा संबंध घराच्या भाडेकरारापुरता. तरी पुढचे अकरा महिने माझे बहुतेक शनिवार-रविवार सोलापुरात गेले, कारण घरातला वकील गेला की त्याच्यामागे दुसऱ्यांची भांडणं घरात शिल्लक राहतात आणि ती कुणालातरी ज्याची त्याला परत करावी लागतात. बँक, विमा, सातबारा यावर भरपूर माहिती मिळते. पण गेलेल्या माणसाकडे लोकांच्या चालू केसेस असतील तर घरच्यांनी काय करायचं हे मला कुठे सापडलं नाही, आणि आमच्याकडे तर वरून गच्चीवरच्या खोलीत सरकारी परवान्याचा वायरलेस सेट. म्हणून जसं झालं तसं लिहून काढतेय. मी वकील नाही हे लक्षात ठेवून वाचा.

पहिली चूक आमचीच. मृत्यू घरी झाला तर नेहमीच्या डॉक्टरांकडून कारणाचा दाखला घ्यायचा (नमुना ४अ), तो आणि स्मशानातली पावती घेऊन २१ दिवसांच्या आत नोंद करायची, एवढं माहीत होतं. माझा काका तिसऱ्याच दिवशी नोंद करायला गेला आणि फॉर्मवर आबांचं नाव सगळे म्हणायचे तसं 'राव' लावून लिहून आला. आधारवर 'राव' आहे. पण सनदेवर, म्हणजे वकिलीच्या परवान्यावर नाही, पॅनवर नाही, एफडीच्या पावत्यांवर नाही. या दोन अक्षरांनी पुढे आमचे दोन महिने खाल्ले. बँकेने पाचशेच्या स्टॅम्पवर, ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र मागितलं, ते आजीच्या सहीने केलं, नोटरीचे दोनशे वेगळे. आजी सही करताना म्हणाली, साठ वर्षं मी ह्यांचं नावच घेतलं नाही, आता लिहून देतेय की दोन्ही नावांचा नवरा माझाच. तर नोंद करायला जाल तेव्हा पॅन आणि पासबुक समोर ठेवून अक्षर अन् अक्षर तसंच लिहा. आणि दाखल्याच्या प्रती एकदमच दहा-बारा घ्या, आमच्या अकरा लागल्या.

दुसरी गोष्ट, आबांचं सिम बंद करू नका. आमच्याकडे बाबा बंदच करायला निघाले होते, कशाला फुकट रिचार्ज म्हणून. बँक, इन्कम टॅक्स, पॅन, सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, शिवाय पक्षकार त्याच नंबरवर फोन करतात. तो फोन सव्वा वर्षाचं रिचार्ज मारून अजून चालू आहे. पहिल्या महिनाभरात त्यावर रोज पाच-सहा फोन यायचे, "वकीलसाहेब, आपली तारीख कधी हो?" आणि मग मला सांगावं लागायचं. काही लोक पलीकडून काहीच न बोलता फोन ठेवायचे.

१३ तारखेला बार असोसिएशनमधून निरोप आला की शोकसभा ठेवतोय, आबांचा एक पानी परिचय लिहून द्या. मला वाटलं हे सोपं आहे. जन्म १९४०, शिक्षण पुण्याच्या लॉ कॉलेजात, सनद १९६६, दिवाणी कामात हातखंडा, मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, नातवंडं. टाइप करून आबांच्या कारकुनांना दाखवलं. हे काका ३१ वर्षं आबांकडे होते, मला लहानपणी सायकलवर शाळेत सोडायला तेच यायचे. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "बरोबर आहे सगळं. फक्त नाव बदललं की कुणाच्याही शोकसभेत चालंल." रागच आला मला. पण दुसरं काही सुचेना, तेच पान दिलं, तेच वाचलं गेलं, दोन मिनिटं शांतता झाली.

१४ तारखेला घरच्या लँडलाइनवर फोन. बार्शीहून कुणी काका बोलत होते. "वकीलसाहेब तीन दिवस नेटवर आले नाहीत, सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, नेट चालू आहे हो आमचं, पण आबा... आणि मग त्यांना सांगितलं. बराच वेळ ते गप्प. नंतर कळलं की 'नेट' म्हणजे इंटरनेट नव्हे. रोज सकाळी ठरलेल्या वेळेला ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर हॅम मंडळी, म्हणजे परवाना काढून हौसेने वायरलेसवर बोलणारे लोक, एकेक करून हजेरी लावतात त्याला नेट म्हणतात. आबा तिथे कित्येक वर्षं सकाळी सातला हजर असायचे. आबा गेले हे आमच्या काही नातेवाइकांनाही तेव्हा कळलं नव्हतं, पण हजेरी चुकली म्हणून एका माणसाला बार्शीत चैन पडेना.

आता केसेस. इथे सांगण्यासारखं बरंच आहे.

वकील गेला की पहिली हातात घ्यायची वस्तू म्हणजे त्याची कोर्टाची डायरी. आबांच्या डायरीत त्या आठवड्यात चार तारखा होत्या. कारकूनकाकांनी आणि आबांच्या हाताखाली तयार झालेल्या एक वकीलताई आहेत, त्यांनी त्या त्या कोर्टात जाऊन कळवलं, पुरशिस म्हणजे लेखी निवेदन दिलं, पुढच्या तारखा मिळाल्या, कुणी अडवलं नाही. पण ताई मला म्हणाल्या, तारखांची काळजी करू नकोस, मुदतींची कर. मला फरक कळेना. फरक असा की चालू केसमध्ये कोर्ट तारीख देतं, पण निकाल लागून गेलेला असेल तर अपिलाची मुदत कुणासाठी थांबत नाही. म्हणून गेल्या तीन महिन्यांतले निकाल आधी शोधायचे. तसा एक निघालाच. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा वाटपाचा दावा, निकाल २० जानेवारीला विरुद्ध गेलेला, जिल्हा कोर्टात अपील करायचं तर ३० दिवस. डायरीत आबांच्या बारीक अक्षरात "नक्कल अर्ज दिला" एवढंच. निकालाची नक्कल, म्हणजे कोर्टाची अधिकृत प्रत, मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात हे खरं, पण ताई म्हणाल्या त्या भरवशावर राहायचं नाही. शनिवारी आम्हाला हे सापडलं, १९ ला शिवजयंतीची सुट्टी, रविवारी कारकूनकाका मोटरसायकलवर त्या गावी गेले, सोमवारी त्या माणसाला मागे बसवून घेऊन आले आणि मंगळवारी १८ ला अपील दाखल झालं. आबांना जाऊन बरोबर आठवडा. त्या माणसाने त्या दिवशी आमच्याकडे चहा घेतला नाही, सुतक असेल म्हणाला, माझ्यामुळे तुम्हाला त्रास.

मग सगळ्या चालू केसेसची यादी. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर वकिलाच्या नावाने शोधता येतं आणि बार काउन्सिलच्या नोंदणी नंबरनेही. नंबराने फक्त नऊ सापडल्या, जुन्या केसेसना नंबर टाकलेलाच नव्हता. नावाने शोधलं तर आडनावाचं स्पेलिंग तीन प्रकारे, त्यात 'राव' असलेलं आणि नसलेलं. सगळी मिळून ४१, त्यातल्या काही दोनदा आलेल्या, काही निकाली निघालेल्या, काहींत पक्षकाराने कधीच दुसरा वकील दिलेला. डायरीशी ताडून बघितल्यावर खऱ्या चालू निघाल्या २६. प्रत्येक केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे साइटवर ती केस ओळखायचा क्रमांक, एका एक्सेल शीटमध्ये टाकला, शेजारी पक्षकाराचं नाव, फोन, पुढची तारीख, फाइल कुठल्या कपाटात. या शीटने मला वाचवलं. तुम्हीही पहिल्याच आठवड्यात करा, भले रडत रडत करा.

लोकांना एक मोठी भीती असते, ती म्हणजे जुन्या वकिलाची एनओसी, म्हणजे ना-हरकत. नवा वकील मागेल, जुना तर गेला, मग आता? तर दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर ३ रूल ४ मध्ये, असं आहे की वकील वारला की त्याचं वकीलपत्र तिथेच संपतं. नवीन वकीलपत्र द्यायचं, सोबत मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडायची, झालं. आम्ही प्रत्येक फाइलमध्ये एक झेरॉक्स आधीच घालून ठेवली. आणि कुठल्या वकिलाकडे जा हे आम्ही कुणाला सांगितलं नाही, वकीलताईंचंही नाव सुचवायचं नाही असं ताईंनीच बजावलं होतं. तरी २६ पैकी १४ जण त्यांच्याकडेच गेले.

मार्च-एप्रिलमधले शनिवार-रविवार फाइली परत करण्यात गेले. पद्धत कारकूनकाकांनी घालून दिली. एक जाड रजिस्टर, त्यात फाइलचा नंबर, पानं किती, आत मूळ कागद कुठले कुठले, घेणाऱ्याची सही, तारीख, मोबाइल. सही केल्याशिवाय फाइल उंबऱ्याबाहेर नाही. ज्याने वकीलपत्रावर सही केली त्यालाच द्यायची, त्याच्या मेव्हण्याला नाही, मुलगा आला तर अधिकारपत्र घेऊन. एका दाव्यात दोन भाऊ मिळून वादी होते आणि दाव्याच्या दहा वर्षांत त्या दोघांचंच फाटलं होतं, दोघेही दारात, दोघांनाही फाइल हवी. शेवटी काकांनी दोघांना शेजारी शेजारी बसवून पोचवर दोघांच्या सह्या घेतल्या, मूळ खरेदीखत ज्याच्या नावावर त्याला, बाकीच्या सगळ्याच्या झेरॉक्स दुसऱ्याला. झेरॉक्सचे २४० रुपये कोणी द्यायचे यावर परत वाद. ते आबांच्या खात्यात टाका म्हणाली आजी.

फीचं म्हणाल तर आबांची एक लांबट लाल फी-वही होती, प्रत्येक पक्षकाराला एक पान. बऱ्याच पानांवर बाकी दिसत होती. काकाचं, म्हणजे माझ्या सख्ख्या काकाचं, म्हणणं होतं की बाकी दिल्याशिवाय फाइल देऊ नका, एवढे पैसे का सोडायचे. ताईंनी लगेच थांबवलं. सुप्रीम कोर्टाचा आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा म्हणून २००० सालचा निकाल आहे, फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. फाइल द्यायचीच. बाकी सांगायला मात्र हरकत नाही, ज्याला द्यायची तो देईल. तसं मी सांगत गेले, कुणी दिले, कुणी "बघतो" म्हणाले.

एका रविवारी अक्कलकोट तालुक्यातून एक म्हातारी आजी आली. कानडी जास्त, मराठी थोडं. तिची फाइल छोटीच, शेताच्या बांधाची. त्या वेळी कारकूनकाका चहा सांगायला खाली गेलेले. मी फी-वही उघडली, तिच्या पानावर तारखा, त्यापुढे काही नाही, आणि सगळ्यात खाली, रेघ मारून, '७३'. असा आकडा मी आणखीही काही पानांवर बघितला होता. मी म्हटलं, आजी, त्र्याहत्तर रुपये बाकी दिसतायत. तिने पदराची गाठ सोडली, शंभराची नोट काढली, चार घड्या घातलेली, आणि मी तिला सत्तावीस रुपये परत दिले. दोन दहाच्या नोटा, पाचचं नाणं, दोनचं नाणं. तिने अंगठा दिला, फाइल पिशवीत घातली आणि गेली.

काका वर आले, मी सांगितलं, त्यांचा चेहराच पडला. "अगं, त्र्याहत्तरवाल्यांना मागायचं नसतं." का? "ते मला नाही माहीत. साहेबांनी सांगितलेलं, ज्या पानावर ७३ असंल त्याला कधी पैसे मागायचे नाहीत. एकतीस वर्षं मागितलं नाही मी." तोवर तिची एसटी गेली होती. आम्ही वही परत चाळली, ७३ ची पानं मोजली, ११८ भरली. मला वाटलं काहीतरी कलम असेल. काकांना वाटायचं साहेबांच्या कुठल्यातरी देवाचा आकडा.

मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी, तेव्हा माळ्यावरच्या निकाली फाइलींना हात घातला. लाल रुमालात बांधलेल्या, ६११. या रद्दीत द्यायच्या नाहीत, लोकांच्या घरातल्या गोष्टी असतात त्यात, भेळेच्या कागदावर कुणाचा घटस्फोट वाचायला मिळता कामा नये. पण ठेवणार तरी कुठे. प्रत्येक रुमाल सोडून मूळ कागद बाजूला काढले, बाकीचं तीन दिवस भाड्याने आणलेल्या मशीनमध्ये कापलं, भाडं अठराशे. मूळ कागदांत काय काय निघालं, खरेदीखतं, इसार पावत्या, गिरणीतलं जुनं ओळखपत्र, एका मुलीची दहावीची मार्कशीट, एक पत्रिका, लग्नातला फोटो ज्यावर मागे कोर्टातल्या पुराव्याचा निशाणी नंबर टाकलेला. ४३ जणांचे कागद होते. बाररूमच्या फलकावर दोन महिने यादी लावली, फोन केले, जुन्या पत्त्यांवर पत्रं टाकली.

जूनमध्ये बार्शीचे काका आले, वायरलेसचं बघायला. हे आधी सांगायला हवं की हॅमचा परवाना हा त्या माणसाचा असतो, वारसाला मिळत नाही, आणि सेट नुसता घरात आहे म्हणून चालू करून बोलायला लागलात तर तो गुन्हा आहे. चुलतभावाला तेवढंच करायची हौस होती. बटण दाबून बोलायचं नाही, असं म्हणून आम्ही बोलायचा माइकच काढून आजीच्या कपाटात ठेवला होता. सेट विकायचा किंवा द्यायचा तर परवाना असलेल्यालाच. आम्ही आबांचा परवाना आणि मृत्यूचा दाखला यांच्या प्रती जोडून दिल्लीला संचार भवनात, वायरलेसचे परवाने देणाऱ्या डब्ल्यूपीसी विभागाला कळवलं, सेट कोणाकडे, त्याचं कॉलसाइन (हॅमची ओळख सांगणारी परवान्यावरची अक्षरं) काय, सीरियल नंबर काय, सगळं लिहून. उत्तर आलेलं नाही, पोच मात्र आहे. ते पत्र पहिल्यांदा परत आलं होतं कारण मी पिन कोड चुकवला, दुसऱ्यांदा पाठवायला गेले सप्टेंबरमध्ये. कारकूनकाकांनी पाकिटावर सवयीने "आर.पी.ए.डी.", म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर पोस्ट, असं लिहिलेलं. पोस्टातला मुलगा म्हणाला, रजिस्टर पोस्ट आता नाही, १ सप्टेंबरपासून स्पीड पोस्टातच विलीन झालं. काका त्या खिडकीपाशी दोन मिनिटं तसेच उभे होते. आख्खं आयुष्य नोटिसा आर.पी.ए.डी.ने पाठवण्यात गेलेलं.

बरं, बार्शीचे काका. गच्चीवरच्या खोलीत आले आणि आधी चप्पल काढली, देवघरात काढतात तशी. टेबलावर सेट, टकटक करून संदेश पाठवायची मोर्सची पितळी की, झिजून अंगठ्याच्या जागी चकचकीत झालेली, बुटांच्या खोक्यांत क्यूएसएल कार्डं. दोन हॅमचं बोलणं झालं की एकमेकांना पोस्टकार्डासारखं कार्ड पाठवतात ती, जपानपासून ब्राझीलपर्यंतची. आणि भिंतीवर दोन घड्याळं. दुसरं घड्याळ आम्हा नातवंडांना कायम चुकीचं वाटायचं, साडेपाच तास मागे. लहानपणी एकदा मी खुर्चीवर चढून ते 'नीट' केलं होतं आणि आबांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. हॅमच्या नोंदी सगळ्या जगात एकाच वेळेने लिहितात, यूटीसी, म्हणून ते.

काकांनी नोंदवह्या काढल्या आणि सरळ १९९३ ची मागितली. ३० सप्टेंबरचं पान. मला तिथे काही सापडेना, म्हणाले, एक पान मागे जा. किल्लारीचा भूकंप झाला तो ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीच्या रात्री, सोलापुरातही सगळे अंगणात पळाले होते, पण आबांच्या वहीत ती वेळ म्हणजे २९ तारखेचे रात्रीचे २२:२६. आणि २२:५० ला पहिली नोंद. म्हणजे हादरा बसल्यावर चोवीस मिनिटांत हा माणूस गच्चीवर जाऊन सेटवर बसला होता, लाइट गेले म्हणून आमच्या जुन्या अँबॅसडरची बॅटरी वर नेऊन. तिथून पुढे साडेतीन पानं नुसत्या नोंदी, दर दोन-तीन मिनिटाला एक, कुठल्या गावाला औषध, कुठे तंबू, कुणाचा माणूस सुखरूप म्हणून पुण्याला कळवा. अक्षर शेवटी शेवटी वाकडं झालंय. आजीला विचारलं तर म्हणाली, दोन दिवस भाकरी वर पाठवत होते, ताटं तशीच खाली यायची, मला वाटलं कोर्टाचंच काही काम असेल. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं, बाबांनासुद्धा नाही, ते तेव्हा मुंबईत होते. माझ्या एक पानी परिचयात शेवटी एक ओळ होती, "छंद : रेडिओ ऐकणे".

निघताना काकांनी आबांचं एक कार्ड बघितलं आणि खाली बोट ठेवून हसले. तिथे इंग्रजीत छापलेलं होतं, ७३. मी उडालेच. म्हटलं, काका, हे काय आहे? म्हणाले, तारयंत्राच्या काळापासूनचा संकेत आहे, संभाषण संपलं की शेवटी म्हणायचं, त्र्याहत्तर, म्हणजे शुभेच्छा, बरं आहे, येतो. मी खाली जाऊन फी-वही घेऊन आले. त्यांनी पानं उलटली, बोलले मात्र काहीच नाहीत. आबांचा सेट घेऊन जाताना गेटपाशी म्हणाले की नेटवर आबांचं नाव 'सायलेंट की', म्हणजे गेलेला हॅम, म्हणून वाचलं होतं फेब्रुवारीत, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे, पाठवतो. पाठवलं. पंधरा सेकंद नुसती खरखर आहे त्यात. मोर्सची की मात्र आजीने दिली नाही.

बाकीचं पटापट सांगते. बचत खातं आजीबरोबर जॉइंट होतं, दाखला दिला, काम एका खेपेत झालं. एका एफडीला नॉमिनीच नव्हता, २ लाख ८० हजारांची. वकिलाच्या घरी नॉमिनी नाही, यावर बँकेतले साहेबसुद्धा हसले. रक्कम मोठी नसल्याने वारस प्रमाणपत्राशिवाय जमलं, इन्डेम्निटी बाँड (नुकसान झालं तर भरून देण्याची हमी), दोन जामीनदार, आणि आजी सोडून बाकी तिघांचं, म्हणजे बाबा, काका आणि आत्याचं, ना-हरकत. आत्या बेळगावला, तिची सही आणण्यात पंधरा दिवस. पैसे जुलैत आले. शेताच्या वारस नोंदीला महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवरून अर्ज केला, नोटिशीचे १५ दिवस धरून दीड महिना लागला, वारसांत मुलीचं नाव घालायलाच लागतं, ते ऐच्छिक नाही, कुणी काही म्हणो. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचं राहू देऊ नका, १ एप्रिल २०२४ ते आबा गेले त्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं वारस म्हणून भरावं लागतं, त्यासाठी पोर्टलवर आधी कायदेशीर वारस म्हणून नोंदणी. मुदत वाढवून १५ सप्टेंबर केलेली होती, आम्ही ऑगस्टमध्ये भरलं, टीडीएसचे सहा हजार परत आले. बार काउन्सिलला पत्र आणि दाखला पाठवून कळवलं. वकिलांच्या वेल्फेअर फंडाचे आबा सभासदच नव्हते, आयुष्यभर दुसऱ्यांच्या वकीलपत्राला त्याचं तिकीट मात्र लावत आले. एकूण खर्च, सगळं धरून, पुणे-सोलापूर गाडीभाडं वगळून, सोळा हजारांच्या आसपास.

१८ ऑगस्टला कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. सोलापूरही त्यात आहे. या मागणीसाठी आबा किती वेळा कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेत त्याची गणती नाही, फोटो आहेत. कारकूनकाका त्या दिवशी पेढे घेऊन घरी आले, एक फोटोपुढे ठेवला, आणि म्हणाले, आता साहेबांचं ते हायकोर्टातलं सेकंड अपील तिकडं चालेल, तो पक्षकार विचारत होता.

आता जानेवारी संपत आला, वर्षश्राद्ध तोंडावर आहे. २६ फाइली गेल्या. मूळ कागदवाल्या ४३ जणांपैकी ४२ जणांचे गेले. एक खरेदीखत राहिलंय, १९७८ चं, अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावचं, दोन पत्रं परत आली, फोन नाही. आणि फी-वहीत त्या म्हाताऱ्या आजीच्या पानावर मी एक पाकीट लावून ठेवलंय, ७३ रुपयांचं. तिचं गाव तिथून आठ किलोमीटर. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने कारकूनकाका आणि मी निघतोय, काकांना कानडी येतं. पैसे परत का देतोय हे तिला कसं सांगायचं याचा ते आतापासून विचार करतायत.